मनोरा आवडला का, एवढंच विचारून भागत नाही

लोकमत म्हणजे काय, हे बघायला आज इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रायटनला जाऊ. तिथं २०१६ साली ऐन समुद्राकाठी १६२ मीटर उंचीचा निरीक्षण मनोरा उभा राहिला, नाव ‘आय३६०’. एक बारीक खांब आणि त्यावर वरखाली जाणारी काचेची गोल खोली. कुणाला डौलदार वाटला, कुणाच्या नजरेत खुपला.

पण आवडनिवड म्हणजे लोकमत नव्हे, बरं का! रूसोनं १७६२ मध्येच भेद केला आहे: प्रत्येकाच्या खासगी इच्छांची बेरीज वेगळी आणि सर्वांच्या हिताची इच्छा वेगळी. मनोरा सुंदर की कुरूप, यावर हात वर करायला सांगितले, तर आपल्याला फक्त बेरीज मिळते.

खर्च झाला सुमारे ४ कोटी ६० लाख पौंड. त्यातले ३ कोटी ६० लाख कौन्सिलनं सरकारकडून कर्जाऊ घेऊन पुरवले. व्याजातल्या फरकातून किनाऱ्याच्या सुधारणेला पैसा मिळेल, असा हिशेब होता. तो वेडगळ नव्हता. पण ज्याला मनोरा बघवतही नव्हता, तोही जामीनदार झाला! तोटा आला तर सोसायचा कुणी, हे विचारायला हवं होतं. दिसण्याच्या वादात ते मागं पडलं, असं आम्हाला वाटतं.

माणसं अपेक्षेइतकी आली नाहीत. २०२४ अखेर मनोरा बंद पडला, कौन्सिलला ५ कोटींहून जास्त पौंडांवर पाणी सोडावं लागलं. पुढं तो विकला गेला दीड लाख पौंडांना. नव्या मालकानं तो सुरू केला. कर्जाचे हप्ते मात्र कौन्सिलच भरते आहे.