फलकावर असेल तोच वेग

पश्चिम युरोपातल्या रस्त्यांवर वेगावर लक्ष ठेवण्याचे काम माणसांकडून बहुतांशी यंत्रांकडे गेले आहे. चौकात शिट्टी फुंकणारा हवालदार दिसत नाही, नाक्यावर गाडी बाजूला घ्यायला लावणारे पथकही क्वचितच भेटते. त्यामुळे भारतातून गेलेल्या आणि भाड्याची गाडी घेऊन निघालेल्या चालकाचा पहिले दोन दिवस असा समज होतो, की इथे विचारणारे कोणी नाही. तोवर त्याच्या नंबरप्लेटचा फोटो कुठेतरी निघालेला असतो, त्यावर वेग, तारीख आणि वेळ उमटलेली असते. पुढचे काम टपालखात्याचे.

या कॅमेऱ्यांचा उगम मोटारशर्यतीत आहे, हा इतिहासातला गमतीचा भाग. मॉरिस गात्सोनिडेस हा जावा बेटावर जन्मलेला डच रॅलीपटू. 1953 ची माँटे कार्लो रॅली त्याने फोर्ड झेफिर गाडीतून जिंकली. वळणावर आपला वेग नेमका किती राहतो आणि तो आणखी कसा वाढवता येईल, हे कळावे म्हणून त्याने वेग मोजणारे यंत्र तयार केले. रस्त्यावर टाकलेल्या दोन पट्ट्यांवरून चाक गेले की त्यामधला वेळ नोंदवला जाई. अधिक वेगाने जाण्यासाठी घडवलेले हे यंत्र पोलिसांच्या उपयोगी पडले. 1958 मध्ये त्याने कंपनी काढली आणि पुढे तिचे रडार कॅमेरे अनेक देशांत बसले. ब्रिटनमध्ये 1992 पासून रस्त्याकडेला दिसू लागलेल्या पेट्यांना लोक आजही ‘गॅट्सो’च म्हणतात.

गॅट्सो कॅमेऱ्याची पडताळणी शाळकरी गणिताची आहे. रडारने जास्त वेग टिपला की कॅमेरा अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो काढतो. रस्त्यावर ठरावीक अंतरावर पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मधल्या काळात गाडीने किती रेघा ओलांडल्या, ते मोजले की वेग निघतो. ताशी 72 किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या सेकंदात बरोबर 10 मीटर पुढे जाते. यंत्राने काहीही म्हटले तरी रेघा खोटे बोलत नाहीत.

एका जागी बसवलेल्या कॅमेऱ्याला चालक लवकरच सरावतात. पेटी दिसली की ब्रेक, पेटी मागे पडली की पुन्हा ॲक्सिलरेटर. ही पळवाट सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रणेने बंद केली. रस्त्याच्या एका टोकाला नंबरप्लेट वाचायची, दुसऱ्या टोकाला पुन्हा वाचायची आणि मधल्या अंतराला वेळेने भागायचे. 15 किलोमीटरच्या टप्प्यावर 130 ची मर्यादा असेल, तर तो पार करायला किमान 6 मिनिटे 55 सेकंद लागलीच पाहिजेत. गाडी सहा मिनिटांत पोहोचली म्हणजे सरासरी 150. मध्ये कुठे ब्रेक मारला, याची दखल कोणी घेत नाही. ऑस्ट्रियाने ही पद्धत व्हिएन्नाच्या एका बोगद्यात 2003 मध्ये सुरू केली, तर इटलीच्या टोलरस्त्यांवर ‘टुटोर’ नावाने ती 2005 पासून आहे. फ्रान्स आणखी पुढे गेला. तिथे खासगी कंत्राटदारांच्या साध्या दिसणाऱ्या गाड्या रहदारीतूनच फिरतात आणि इतर गाड्यांचा वेग मोजतात. त्यांचा फ्लॅश इन्फ्रारेड असल्यामुळे डोळ्याला दिसतही नाही.

यंत्रातल्या चुकीची शक्यता धरून प्रत्येक देश मोजलेल्या वेगातून काहीतरी वजा करतो. जर्मनीत बहुतेक यंत्रांसाठी 100 पर्यंत 3 किलोमीटर आणि त्यापुढे 3 टक्के वजा होतात. फ्रान्समध्ये स्थिर कॅमेऱ्यांसाठी तेच 5 किलोमीटर आणि 5 टक्के. गाडीचा स्पीडोमीटरही नियमानुसार खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू शकत नाही, थोडा जास्तच दाखवतो. या दोन्हींची बेरीज करून ‘एवढे चालते’ असा हिशेब मांडणारे पर्यटक असतात. हा हिशेब सीमा ओलांडली की बदलतो, म्हणून तो न केलेलाच बरा.

खरी अडचण मर्यादा कळण्यात आहे. फ्रान्स आणि जर्मनीत गावाच्या वेशीवर आकडा लिहिलेला असेलच असे नाही. गावाच्या नावाची पाटी हीच वेगमर्यादा. जर्मनीत पिवळी पाटी, फ्रान्समध्ये लाल किनारीची पांढरी. ती ओलांडली की 50 सुरू. त्याच नावावर तिरकी लाल रेघ मारलेली पाटी आली की गाव संपले आणि मर्यादाही. नाव वाचून पुढे निघून गेलेल्या नवख्याला 90 वरून एकदम 50 वर यायचे होते, हे कळतच नाही. दंडाची पत्रे मोठ्या हमरस्त्यांपेक्षा अशा लहान गावांतून जास्त येत असतील, तर त्यात नवल नाही.

शहरांत आकडे आणखी खाली आले आहेत. पॅरिसच्या बहुतेक रस्त्यांवर ऑगस्ट 2021 पासून 30 ची मर्यादा आहे, ब्रसेल्समध्ये त्याच वर्षाच्या जानेवारीपासून आणि ॲमस्टरडॅममध्ये डिसेंबर 2023 पासून. शहराबाहेर हवामानही मर्यादा ठरवते. फ्रान्स आणि इटलीच्या मोटरवेवर कोरड्या हवेत 130, पाऊस सुरू झाला की 110. हा बदल सांगायला प्रत्येक ठिकाणी फलक नसतो, वायपर सुरू केले की तो चालकाने स्वतःच लक्षात घ्यायचा असतो. ब्रिटनमध्ये तर आकड्याचे मापच वेगळे. फलकावरचे 30 म्हणजे 30 मैल, सुमारे 48 किलोमीटर. आयर्लंडने जानेवारी 2005 मध्ये मैल सोडून किलोमीटर स्वीकारले, उत्तर आयर्लंडने नाही. दोघांमधल्या सीमेवर नाका नाही, पहारा नाही. रस्ता तोच राहतो आणि फलकावरच्या आकड्याचा अर्थ बदलतो.

जर्मनीच्या ऑटोबानबद्दल भारतात अर्धवट ऐकीव माहितीच जास्त. तिथे वेगाला बंधन नाही, हे खरे, पण सगळीकडे नाही. सुमारे 70 टक्के लांबीवर कायमची मर्यादा नाही. उरलेल्या भागात शहरांजवळ, उतारांवर, कामे चालू असलेल्या ठिकाणी ती आहे आणि कॅमेरे नेमके तिथेच आहेत. पांढऱ्या गोलावर काळ्या तिरक्या रेघा असलेला फलक दिसला की बंधन संपले. त्याआधी 100 च्या फलकाखाली चिकटवलेली लहान पाटी वाचायला हवी. तिच्यावर ‘22–6’ असे आकडे असतात, म्हणजे मर्यादा रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत. कारण बहुधा जवळच्या वस्तीची झोप. कधी तिच्यावर ओल्या रस्त्यासाठीची सूचना असते, म्हणजे कोरड्या दिवशी ती मर्यादा लागू नाही. एवढे सगळे 120 च्या वेगात वाचायचे, हे सवयीचे काम आहे.

मर्यादा नसलेल्या भागातही 130 हा शिफारशीचा वेग 1978 पासून ठरलेला आहे. तो ओलांडल्यास दंड नाही. पण अपघात झाला, तर चूक दुसऱ्याची असूनही नुकसानभरपाईचा काही भार वेगात असलेल्यावर येऊ शकतो, असे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 1992 मध्ये म्हटले आहे. 2021 मध्ये एका चेक उद्योजकाने बर्लिन आणि हॅनोव्हरच्या दरम्यान बुगाटी गाडी 417 च्या वेगाने पळवली आणि चित्रफीत जगाला दाखवली. सरकारी वकिलांनी चौकशी करून प्रकरण बंद केले. अशा बातम्यांनी ऑटोबानची कीर्ती वाढते. तिथली रोजची शिस्त मात्र त्यातून कळत नाही.

ती शिस्त लेनची आहे. गाडी उजव्या लेनमध्ये चालवायची, डावी लेन फक्त पुढे जाण्यासाठी, आणि पुढे गेले की परत उजवीकडे यायचे. उजवीकडून ओव्हरटेक केल्यास 100 युरो दंड आणि परवान्यावर एक गुण. आपल्या महामार्गांवर ट्रक उजवी लेन धरून बसतात, म्हणून मिळेल त्या बाजूने पुढे काढण्याची सवय हातात भिनलेली असते. ऑटोबानवर ती जिवावर बेतू शकते, कारण मागून 200 च्या वेगाने येणाऱ्याने त्या बाजूने कोणी येईल असे गृहीतच धरलेले नसते. अंतराचा नियमही पक्का आहे: स्पीडोमीटरच्या आकड्याच्या निम्मे मीटर. ताशी 100 असेल तर पुढच्या गाडीपासून 50 मीटर. मोजायला अवघड नाही, रस्त्याकडेचे पांढरे खांब सहसा 50 मीटरवरच असतात. मागे चिकटून डिपर मारत राहणे तिथे उद्धटपणापुरते राहत नाही, त्यावर फौजदारी गुन्हाही दाखल होऊ शकतो. वाहतूक तुंबली की सगळ्यात डाव्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट ठेवायची, हाही नियमच. सायरन ऐकू येण्याची वाट बघायची नाही.

डिपरचा अर्थही देशागणिक बदलतो. आपल्याकडे तो ‘मी येतोय, थांब’ असा असतो. ब्रिटनमध्ये अनेक चालक तोच ‘तुम्ही आधी जा’ या अर्थाने मारतात. अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या आणि दोघांनी आपापल्या भाषेत डिपर मारला, तर काय होईल ते सांगायला नको.

शिक्षेच्या बाबतीत उत्तर युरोप आणि स्वित्झर्लंड सर्वांत कडक. फिनलंडमध्ये मर्यादेपेक्षा 20 हून अधिक किलोमीटर वेग असला की दंड उत्पन्नावर ठरतो. ही पद्धत 1921 पासूनची. नोकिया कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी हेलसिंकीत 50 च्या रस्त्यावर 75 ने मोटरसायकल चालवताना सापडले, तेव्हा 1 लाख 16 हजार युरोंचा दंड झाला. उत्पन्नाचा हिशेब पुन्हा मांडला गेल्यावर तो बराच खाली आला, हा भाग फारसा कोणी सांगत नाही. ऑलांड बेटांवरच्या एका उद्योगपतीला 2023 मध्ये 50 च्या हद्दीत 82 ने गेल्याबद्दल 1 लाख 21 हजार युरो भरावे लागले. स्वित्झर्लंडमध्ये 2013 पासून अतिवेग हा थेट तुरुंगाचा विषय झाला. 50 च्या हद्दीत 100 ने गाडी चालवणाऱ्याला चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीही जप्त होऊ शकते. ऑस्ट्रियात मार्च 2024 पासून बेफाम वेगाने जाणाऱ्याची स्वतःची गाडी जप्त करून लिलावात काढण्याची तरतूद आहे.

भाड्याच्या गाडीला कायद्यात सवलत नाही, फक्त कागदाचा प्रवास लांबतो. नोटीस आधी गाडीच्या नोंदणीकृत मालकाकडे, म्हणजे भाड्याच्या कंपनीकडे जाते. ब्रिटनमध्ये ती साधारणपणे 14 दिवसांत पोहोचावी लागते. कंपनी चालकाचे नाव आणि पत्ता कळवते आणि या माहितीपोटी शुल्क त्याच्या क्रेडिट कार्डवर टाकते. हे शुल्क म्हणजे दंड नव्हे. दंडाचे पत्र त्यानंतर, कधी काही महिन्यांनी येते. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात 360 दिवसांची मुदत आहे, त्यामुळे एका दिवाळीतल्या सहलीचा दंड पुढच्या दिवाळीच्या तोंडावर दारात येऊ शकतो. इटलीत वेगाच्या सामान्य दंडावर पत्र मिळाल्यापासून पाच दिवसांत पैसे भरले तर 30 टक्के सूटही आहे. पोलिसांनी प्रत्यक्ष थांबवले, तर गोष्ट वेगळी. त्या देशात घर नसलेल्याकडून जर्मनी किंवा फ्रान्सचे पोलीस अनामत रक्कम तिथल्या तिथे मागू शकतात.

कॅमेरा जवळ आला की सूचना देणाऱ्या मोबाइल ॲपवर अनेकांची भिस्त असते. जर्मनीत प्रवासात असे ॲप वापरल्यास 75 युरो आणि एक गुण. फ्रान्समध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा दाखवण्याला बंदी असून दंड 1500 युरोंपर्यंत जातो. स्वित्झर्लंडमध्ये तर असे उपकरण सोबत आणण्यालाही मनाई आहे. भारतात वर्षानुवर्षे वापरलेले ॲप विमानतळावर गाडी ताब्यात घेताना तसेच सुरू राहते आणि चालकाच्या ते लक्षातही नसते.

मराठी कुटुंबांचा परदेशी गाडी चालवण्याचा अनुभव युरोपापेक्षा आखाती देशांत अधिक आहे आणि तिथेही नियम एकाच रस्त्यावर बदलतात. दुबईत फलकावरच्या आकड्यावर साधारण 20 किलोमीटरपर्यंत सूट धरली जाते. तोच महामार्ग अबूधाबीच्या हद्दीत शिरला की ती सूट संपते. तिथे ऑगस्ट 2018 पासून फलकावरचा आकडा हाच शेवटचा. दुबईत दहा वर्षे काढलेल्यांनाही हा फरक दंड भरूनच कळतो. इकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून नवी यंत्रणा सरासरी वेग मोजते आहे, त्यामुळे कॅमेऱ्याजवळ ब्रेक मारण्याची कला इथेही फार दिवस उपयोगी पडणार नाही.

युरोपात चूक बहुधा एकाच जागी होते: फलकाऐवजी पुढच्या गाडीकडे पाहून वेग ठरवण्यात. पुढची गाडी स्थानिक माणसाची असते. कुठे किती जायचे, हे तिच्या चालकाला ठाऊक असते आणि दंड भरायचा झाला तर तो त्याच्या सोयीचा असतो. पर्यटकाने त्याच्या मागे धावू नये. निघण्यापूर्वी आपल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो आणि त्याची मुदत एका वर्षापुरतीच असते. गाडी घेताना करारातले दंडाची माहिती कळवण्याचे शुल्क किती, तेही पाहून घ्यावे आणि कराराची प्रत किमान वर्षभर जपून ठेवावी.