संत्र्याच्या सालीचे गोड लोणचे

नागपुरी संत्र्याची साल सैल. नखाने उचलली की हातात येते. २०१४ साली भौगोलिक मानांकन लाभलेल्या या फळाचा गर घरोघरी आवडीने खाल्ला जातो, साल मात्र केराच्या टोपलीत जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराचे संत्रे कळमन्याच्या बाजारात उतरते, तेव्हा ऊनही वाळवणाजोगे कडक झालेले असते. सालीच्या गोड, मसालेदार लोणच्यासाठी हाच काळ उत्तम.

लोणचे म्हटले की जैन गृहिणीपुढे चवीच्या आधी मर्यादेचा प्रश्न उभा राहतो. श्वेतांबर परंपरेत बावीस अभक्ष्यांमध्ये बोळ अथाण्याची गणना आहे. दिगंबर परंपरेतील अनेक घरांत लोणच्याला आठ प्रहरांचीच मर्यादा पाळतात. दोन्हीकडे खरा आक्षेप ओलाव्यावर आहे. ओल राहिली की बुरशी आली, जीवोत्पत्ती आली. म्हणून येथे शिरका नाही, आले नाही, आल्याऐवजी सुंठ.

सालीच्या पदार्थात आणखी एक सावधगिरी हवी, जी गर खाताना सहसा सुचत नाही. चकाकीसाठी फळांवर चढवल्या जाणाऱ्या लेपात मधमाशीचे मेण किंवा लाख असू शकते, आणि दोन्ही कीटकजन्य. चकचकीत फळ टाळावे. बागेतून थेट आलेले, थोडे निस्तेज दिसणारे संत्रे निवडावे.

आठ संत्र्यांच्या साली धुऊन आतला पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडावा. कडूपणा बराचसा तेथेच असतो. बारीक कापलेल्या साली गाळलेल्या पाण्यात मीठ घालून पाच मिनिटे उकळाव्यात व ते पाणी टाकावे; असे दोनदा करावे, साल फारच कडू असल्यास तिसऱ्यांदा. मग कापडावर पसरून उन्हात द्याव्यात.

पाव किलो सालीस तीनशे ग्रॅम साखर व वाटीभर पाणी घेऊन पाक चढवावा, त्यात साली व दोन लिंबांचा रस घालावा. लिंबाने चव तर येतेच, शिवाय पाक आळल्यावर साखर लवकर दाणेदार होत नाही. पाक तीनतारी होईपर्यंत मंद आच ठेवावी. येथे घाई करू नये. एकतारी पाकात ओलावा राहतो आणि सारी मेहनत वाया जाते. शेवटी लवंग, दालचिनी, बडीशेप, सुंठ, तिखट व मीठ घालावे. मसाला त्याच दिवशी कुटलेला असावा, कारण कुटलेल्या मसाल्यालाही हिवाळ्यात सात, उन्हाळ्यात पाच व पावसाळ्यात तीन दिवसांची मर्यादा मानली जाते. हे सर्व काम सूर्यास्तापूर्वी आटोपावे. पूर्ण निवल्यावर कोरड्या बरणीत भरावे. चमचाही कोरडाच हवा.

आठ प्रहरांची मर्यादा पाळणाऱ्या घरांनी पाकाची बरणी न भरता उकडलेल्या साली कडकडीत, मोडताच तुटतील अशा वाळवून ठेवाव्यात. पाहुणे यायचे असले की मूठभर साली गरम पाण्यात मऊ कराव्यात, ताज्या गुळाच्या पाकात शिजवाव्यात आणि त्याच दिवशी ताटात वाढाव्यात.