राजभवनातला कार्यअहवाल

राज्यपालपद म्हणजे राजकारणातली निवृत्ती, असे आपल्याकडे गृहीतच धरले जाते. राम नाईक यांनी २२ जुलै २०१४ रोजी लखनौत उत्तर प्रदेशचे राज्यपाल म्हणून शपथ घेतली तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती आणि ते लोकसभेच्या दोन निवडणुका लागोपाठ हरले होते, त्यामुळे तसे म्हणायला जागाही होती. पण पुढची पाच वर्षे त्यांनी दरवर्षी ‘राजभवन में राम नाईक’ या नावाने आपल्या कामाचा अहवाल छापला. राज्यपालाने जनतेला हिशेब द्यावा, असे घटनेत कुठेही नाही. राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो, एवढेच. तरीही हा माणूस हिशेब देत राहिला, आणि माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचे मर्म याच सवयीत आहे.

ही सवय मुंबईच्या उपनगरांतली. सांगलीत जन्मलेल्या आणि आटपाडीत वाढलेल्या नाईकांनी १९६४ साली गोरेगाव प्रवासी संघ उभा केला, तो लोकलच्या प्रवाशांची गाऱ्हाणी मांडायला. १९७८ पासून सलग तीनदा बोरिवलीचे आमदार आणि १९८९ पासून सलग पाचदा उत्तर मुंबईचे खासदार झाल्यावरही त्यांची नजर फलाटावरून हलली नाही. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल जावी, हा आग्रह त्यांनी वर्षानुवर्षे धरला; ती धावली २०१३ मध्ये, ते खासदार नसताना. १९९३ च्या खासदार निधीमागेही त्यांचा पाठपुरावा होता. विधानसभेत असताना आणि नंतर लोकसभेतही त्यांचा वार्षिक अहवाल मतदारांच्या हाती पडत असे. राजभवनातला अहवाल हा त्याचाच पुढचा अंक.

हिशेब देणाऱ्याचा हिशेब चोख असतोच असे नाही, हा आक्षेप मात्र टाळता येत नाही. ते पेट्रोलियम मंत्री असताना २००२ साली पेट्रोल पंपांच्या वाटपावरून वादळ उठले आणि पंतप्रधान वाजपेयींनी तीन हजारांहून अधिक वाटपे एका फटक्यात रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने तो सरसकट रद्द करण्याचा निर्णय फिरवला, पण वादातल्या प्रकरणांची तपासणी करायला लावली. त्याच मंत्र्याच्या काळात घरगुती गॅसची वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी निकालात निघाली, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहायला हव्यात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लखनौत त्यांनी विरोधी पक्षाच्या सरकारची अडवणूक केली. अखिलेश यादव सरकारने विधान परिषदेसाठी नऊ नावे पाठवली, नाईकांनी २०१५ मध्ये त्यांतल्या चारच नावांना सुरुवातीला मान्यता दिली. लोकायुक्ताच्या नेमणुकीची फाइलही त्यांनी एकदा नव्हे, अनेकदा परत पाठवली. लोकायुक्ताच्या बाबतीत मला त्यांची बाजू पटते. मुख्य न्यायमूर्तींशी सल्लामसलत हा कायद्याचा भाग होता, आणि शेवटी नेमणूक सर्वोच्च न्यायालयालाच करावी लागली. परिषदेच्या नावांबाबत तसे म्हणता येत नाही. साहित्य, कला, विज्ञान, सहकार किंवा समाजसेवा यांतला अनुभव मागणारी घटनेची अट खरी, पण ती कसोटी सगळीच राजभवने सगळ्याच पक्षांना सारखी लावत नाहीत. मतदारसंघात चिवटपणा हा गुण असतो. राज्यपालाला मात्र मतदारसंघच नसतो, म्हणून त्याच्या चिवटपणाला मर्यादा हवी.

ती मर्यादा पाळून काय साधता येते, हेही त्यांनीच दाखवले. घटनेच्या हिंदी प्रतीवर बाबासाहेबांची सही ‘भीमराव रामजी आंबेडकर’ अशी आहे. ‘अंबेडकर’ हे उत्तरेतले रूप चुकीचे, हे त्यांनी सरकारपुढे सप्रमाण मांडले आणि २०१८ मध्ये उत्तर प्रदेशच्या सरकारी दप्तरात ‘रामजी’सह तशी दुरुस्ती झाली. यात राजकारण होते, अशी टीका झाली. असेल, पण वडिलांचे नाव मधे लिहिण्याची आपली रीत त्या सहीतच आहे, ती कुणी बाहेरून चिकटवलेली नाही. १९५० साली ज्या दिवशी संयुक्त प्रांताचे उत्तर प्रदेश झाले, तो २४ जानेवारी राज्याचा दिवस म्हणून साजरा व्हावा, ही सूचनाही त्यांचीच. आधीच्या सरकारने ती बाजूला ठेवली, पुढच्याने स्वीकारली.

नाईक जुलै २०१९ मध्ये निवृत्त झाले. फायली अडवण्याचा त्यांचा कित्ता कोणी गिरवू नये. वार्षिक अहवालाचा मात्र देशातल्या प्रत्येक राजभवनाने गिरवावा, आणि तो आपण नागरिकांनी मागावा.