‘मला बरं वाटलं’ या वाक्यातून काय सिद्ध होतं?

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातली प्रमाणं पाहिली. आज ती एका खऱ्या प्रकरणाला लावून बघू. विषय वैद्यकाचा आहे, पण मी वैद्य नाही. औषध कोणतं घ्यावं हे मी सांगणार नाही. एखाद्या उपचाराचा दावा तोलायचा कसा, एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्या आवरणावर हल्ला करते, असं आजचं वैद्यक मानतं. हातपाय बधिर होतात, तोल जातो, दृष्टी अंधुक होते, भयंकर थकवा येतो. बऱ्याच रुग्णांमध्ये तो तरुण वयात सुरू होतो. पूर्ण बरा करणारा इलाज अजून नाही. हल्ले कमी करणारी औषधं मात्र आहेत.

२००९ साली इटलीतल्या फेरारा विद्यापीठाचे शल्यविशारद पाओलो झांबोनी यांनी वेगळीच कल्पना मांडली. मेंदूकडून रक्त परत आणणाऱ्या मानेतल्या आणि छातीतल्या शिरा अरुंद झाल्या की रक्त तुंबतं आणि त्यातून हा आजार होतो किंवा बळावतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी या स्थितीला सीसीएसव्हीआय असं नाव दिलं. उपाय सरळ होता: शिरेत बारीक नळी घालायची, टोकाचा फुगा फुगवायचा आणि शीर रुंद करायची. हृदयाच्या धमन्यांसाठी करतात तशीच अँजिओप्लास्टी. झांबोनींनी ६५ रुग्णांवर ती केली आणि सुधारणा दिसल्याचं प्रसिद्ध केलं.

या उपचाराला ‘लिबरेशन’, म्हणजे मुक्ती, असं नाव पडलं. बघा हं, नावातच निकाल आला! मुक्ती म्हटल्यावर शंका घेणारा बंधनाच्या बाजूचा ठरतो. कॅनडात या आजाराचं प्रमाण जगात फार वरचं आहे. तिथे बातमी पसरली, पण तिथली सरकारी आरोग्यसेवा हा उपचार द्यायला तयार नव्हती. मग रुग्ण स्वतःचे पैसे घालून पोलंड, मेक्सिको, कोस्टारिका आणि आपल्या भारतातही आले. परतलेल्यांपैकी अनेकांनी सांगितलं, “हात गरम झाले, डोकं हलकं झालं, मला बरं वाटलं.”

हे लोक खोटं बोलत होते का? मुळीच नाही. इथे आपलं शास्त्र कामाला येतं. ‘मला बरं वाटतंय’ हे प्रत्यक्ष आहे. त्या बाबतीत रुग्णाच्या वरचा अधिकारी कुणी नाही, डॉक्टरही नाही. पण ‘शीर उघडली म्हणून बरं वाटतंय’ हे अनुमान आहे. अनुमानाला हेतू तपासावा लागतो, आणि तिथे रुग्णाला तुमच्याआमच्यापेक्षा जास्त अधिकार नाही. पहिल्या वाक्याचा मान राखायचा म्हणून दुसरं वाक्य मान्य करावं लागत नाही. या सगळ्या वादात हाच घोटाळा झाला.

आपण म्हणतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. एमएसच्या बहुतेक रुग्णांत सुरुवातीची वर्षं आजार भरती-ओहोटीसारखा चालतो: हल्ला येतो, ओसरतो. माणूस उपचाराला धावतो तो बहुधा वाईट काळात. त्यानंतर थोडं बरं वाटणं हे काहीही न करता होण्याचीही शक्यता असते. त्यात आशा असते, प्रवास असतो, खर्च केलेले पैसे असतात. शिवाय ज्यांना काहीच फरक पडला नाही, ते सहसा कॅमेऱ्यापुढे येत नाहीत.

मग कारण ओळखायचं कसं? अन्वय आणि व्यतिरेक. ते असताना हे असतं का, आणि ते नसताना हे नसतं का? पहिला प्रश्न शिरांचा. कॅनडातल्या संशोधकांनी रुग्ण, त्यांची भावंडं आणि निरोगी माणसं अशा तिन्ही गटांच्या शिरा नळी घालून तपासल्या. २०१३ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. निम्म्याहून जास्त अरुंद झालेली शीर रुग्णांपैकी ७४ टक्क्यांत आढळली, भावंडांत ६६ आणि निरोगी माणसांत ७० टक्क्यांत. म्हणजे अरुंद शीर आहे, पण आजार नाही, अशी माणसं ढिगाने.

दुसरा प्रश्न उपचाराचा. कॅनडातच १०४ रुग्णांची चाचणी झाली. काहींच्या शिरेत फुगा फुगवला. काहींच्या शिरेत नळी घातली, पण फुगवलं काहीच नाही. कुणाला काय मिळालं हे रुग्णाला माहीत नव्हतं, आणि नंतर त्याला तपासणाऱ्यालाही. ४८ आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. रुग्णांनी स्वतः सांगितलेल्या शारीरिक स्थितीचे गुण दोन्हीकडे किंचित वाढले, आणि जवळजवळ सारखेच वाढले. न्यायग्रंथांतलं कुंभाराचं गाढव आठवा. माती वाहून आणणारं गाढव घडा होण्याआधी तिथे हजर असतं, पण घड्याचं ते कारण नव्हे. ग्रंथकार त्याला अन्यथासिद्ध म्हणतात. फुगलेला फुगा तसाच ठरला.

कुणी म्हणेल, हे औषध कंपन्यांचं कारस्थान. तर दुसरी मोठी चाचणी खुद्द झांबोनींच्या नेतृत्वाखाली इटलीत झाली. तिचाही निष्कर्ष २०१७ साली हाच आला: हा उपचार रुग्णांना सुचवता येत नाही. स्वतःच्या कल्पनेविरुद्धचा निकाल त्यांनी स्वतःच्या नावाने छापला, हे मला फार मोलाचं वाटतं.

“पण खोटी शस्त्रक्रिया करणं क्रूर नाही का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की रुग्णांना आधी सगळं सांगितलेलं होतं आणि त्यांनी संमती दिलेली होती. ही चाचणी झाली नसती, तर हजारोंना पैसे देऊन तेवढंच मिळत राहिलं असतं, आणि ते कळलंही नसतं.

राहिला सर्वात अवघड युक्तिवाद: “माझं तसंही काय जाणार आहे?” निराश माणसाच्या तोंडी हे वाक्य फार समजण्यासारखं आहे. पण ते खरं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली इशारा दिला, त्यात मृत्यू, पक्षाघात, शिरेला इजा, रक्ताच्या गुठळ्या आणि जागेवरून सरकलेले स्टेंट यांचा उल्लेख होता. शिवाय उपयोगी औषध बंद केलं, तर मधले महिने जातात, आणि या आजारात गेलेली शक्ती परत येईलच असं नाही. ज्याच्याकडे थोडं उरलंय, त्याला ते थोडंच जपायचं असतं.

घरातलं कुणी अशा उपचाराबद्दल विचारायला आलं, तर ‘तुला कुणी फसवतंय’ असं सुरुवातीलाच म्हणू नका. आधी त्याचं ऐका. मग तीन गोष्टी मिळून शोधा: हाच दोष निरोगी माणसांत किती सापडतो? उपचार झालेल्यांची तुलना न झालेल्यांशी केली आहे का? आणि बिघडलं तर काय बिघडेल?

पुढच्या वेळी आपण शब्दप्रमाण घेऊ: तज्ज्ञावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर? आज इथे थांबतो.