हसू असते कोठे?

आपल्या बीड जिल्ह्यातील कितीतरी मुलांचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. समजा, मागे राहिलेल्या मुलाने आठवणीने आईचे चित्र काढले. ओठ हसरे काढले, पण आई काही हसेना!

असे का? द्यूशेन या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा प्रवाह देऊन पाहिले (तुम्ही मात्र हे मुळीच करू नका!) आणि १८६२ साली छायाचित्रांसह ग्रंथ प्रसिद्ध केला. विजेने ओठांचे कोपरे वर गेले, तरी चेहऱ्यावर आनंद दिसेना. मनापासून हसताना डोळ्याभोवतालचा वर्तुळाकार स्नायूही आकसतो. गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, कडेला सुरकुत्या पडतात.

आता खोडरबर घ्या. ओठ तसेच राहू द्या. खालच्या पापणीची रेषा किंचित वर उचला.