ग्रीनिंगची चाचणी पॉझिटिव्ह आली. झाड तोडायचे का?

संत्र्याची पाने चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी पडतात, फळे एका बाजूला कलून वाढतात, रंग देठाकडून चढतो आणि खालचा भाग हिरवाच राहतो. ही ग्रीनिंग रोगाची लक्षणे आहेत. हा जिवाणूजन्य रोग सिट्रस सायला या किडीमार्फत आणि रोगट डोळ्यांपासून बांधलेल्या कलमांमधून पसरतो. एकदा झाड ग्रस्त झाले की ते पूर्ण बरे करणारा उपाय नाही, म्हणून झाड काढण्याची शिफारस केली जाते. पण सहा-सात वर्षे जोपासलेले, नुकतेच भरात आलेले झाड एका अहवालावर तोडायचे, तर तो अहवाल किती खरा बोलतो हे आधी समजून घ्यायला हवे.

कोणतीही चाचणी दोन प्रकारे चुकते. रोगट झाडाला ती निरोगी म्हणते, हा खोटा निगेटिव्ह. निरोगी झाडाला रोगट म्हणते, हा खोटा पॉझिटिव्ह. शंभर रोगट झाडांपैकी चाचणी जितकी पकडते, ती तिची संवेदनशीलता. शंभर निरोगी झाडांपैकी जितक्यांना ती बरोबर निरोगी ठरवते, ती तिची विशिष्टता. कोरोनाच्या काळात रॅपिड चाचणी निगेटिव्ह आणि दुसऱ्या दिवशी आरटीपीसीआर पॉझिटिव्ह, असे बहुतेकांनी पाहिले आहे. तिथे कमी पडली होती ती रॅपिड चाचणीची संवेदनशीलता.

आयोडीनची चाचणी कशी फसते

ग्रीनिंगसाठी बांधावर करता येणारी एक स्वस्त चाचणी आहे. जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो, त्या तुंबतात आणि पानात तयार झालेला स्टार्च पानातच साचतो. पक्व पानाचा वरचा भाग पॉलिश पेपरने घासायचा, तो कागद थोड्या पाण्यात हलवायचा आणि त्यात आयोडीनचे थेंब टाकायचे. पाणी काळे-निळे झाले तर स्टार्च जास्त आहे.

म्हणजे ही चाचणी जिवाणू शोधत नाही, स्टार्च शोधते. तो इतर कारणांनीही साचतो. डिंक्या रोगाने बुंध्याची साल सडली असेल, फांदीला तार आवळली असेल, साल सोलली गेली असेल, तरी अन्नाचा खाली जाणारा रस्ता बंद होतो आणि आयोडीन काळे दिसते. निरोगी पानातही दिवसभराच्या उन्हात स्टार्च तयार होतो, म्हणून दुपारनंतर तोडलेले पान दिशाभूल करू शकते. पाने सकाळीच घ्या आणि बागेतल्या एखाद्या ठणठणीत झाडाचे पान तुलनेसाठी सोबत तपासा.

हजार झाडांचा हिशोब

समजा सहा बाय सहा मीटरवर लावलेली हजार झाडांची, म्हणजे साधारण नऊ एकरांची बाग आहे. त्यात ५० झाडे खरोखर रोगट आहेत आणि आपल्या चाचणीची संवेदनशीलता व विशिष्टता दोन्ही ९० टक्के आहेत. (हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कोणत्याही विशिष्ट चाचणीचे नाहीत.) सरसकट सगळी झाडे तपासली, तर ५० रोगट झाडांपैकी ४५ सापडतील, ५ निसटतील. उरलेल्या ९५० निरोगी झाडांपैकी १० टक्के, म्हणजे ९५ झाडे उगाच पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह १४०, त्यात खरी रोगट फक्त ४५. सगळ्यांवर कुऱ्हाड चालवली, तर दर तीनपैकी दोन झाडे चांगली तोडली जातील. आणि चाचणी मात्र ‘नव्वद टक्के अचूक’!

आता तीच चाचणी सरसकट न करता आधी नजरेने निवडलेल्या १०० संशयित झाडांवर करा. समजा त्यातली ६० खरोखर रोगट आहेत. पॉझिटिव्ह येतील ५४ रोगट आणि ४ निरोगी. चाचणी तीच, पण आता तिच्या पॉझिटिव्हवर बराच भरवसा ठेवता येतो. निगेटिव्हवर मात्र कमी, कारण ४२ निगेटिव्ह झाडांत ६ रोगट लपलेली आहेत.

म्हणून आधी डोळे वापरा. पानाच्या मुख्य शिरेच्या दोन्ही बाजूंना पेनाने समोरासमोर दोन गोल काढा. दोन्ही गोलांत पिवळेपणा सारखाच, शिरांच्या मधोमध आणि पाने बारीक, तर बहुधा जस्ताची कमतरता आहे. एका गोलात पिवळे, दुसऱ्यात हिरवे असेल, तर ग्रीनिंगचा संशय घ्या. जस्त कमी असलेल्या झाडाला ग्रीनिंगही असू शकतो, हेही लक्षात असू द्या.

‘आढळला नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

संशयित आणि आयोडीनला काळे दाखवणाऱ्या झाडांची पीसीआर करून घ्यावी. ती जिवाणूचाच जनुकीय अंश शोधते, त्यामुळे तारेने आवळलेल्या फांदीला ती फसत नाही. आयोडीनचीच चाचणी पुन्हा करून उपयोग नाही. ज्या कारणाने ती पहिल्यांदा चुकली, त्याच कारणाने पुन्हा चुकेल.

पीसीआरची खरी अडचण प्रयोगशाळेबाहेर आहे. हा जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. एक फांदी भरलेली, शेजारची मोकळी, असे होते. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला कित्येक महिने, कधी वर्षेही जातात. प्रयोगशाळा फक्त तुम्ही पाठवलेल्या पानांबद्दल सांगते. कोवळी नवती पाठवू नका. चट्टे असलेली पक्व पाने देठासह, झाडाच्या चारही बाजूंनी घ्या, कारण जिवाणू देठात आणि मुख्य शिरेत सापडतो.

कोणती चूक जास्त महाग, हे काम पाहून ठरवावे लागते. बागेतल्या एका झाडाचा खोटा पॉझिटिव्ह म्हणजे एक चांगले झाड गेले. पण मातृवृक्षाचा खोटा निगेटिव्ह शेंदूरजनाघाटसारख्या रोपवाटिकांच्या गावात शेकडो डोळ्यांमधून दूरदूरच्या बागांत जातो आणि कळतो तेव्हा शेतकऱ्याची काही वर्षे गेलेली असतात. त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे: मातृवृक्षाबाबत थोडाही संशय आला की डोळे घेणे थांबवा, वेगवेगळ्या हंगामांत पुन्हा तपासा. फळबागेत मात्र दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने दुजोरा मिळाल्याशिवाय झाड तोडू नका. नवीन लागवडीसाठी रोपे घेताना ‘तपासलेली आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. मातृवृक्ष कोणत्या पद्धतीने आणि कधी तपासला, हे रोपवाटिकाधारकाला विचारा.

नमुना पाठवलेल्या झाडाला रंगाचा पट्टा मारून क्रमांक टाका आणि कोणत्या बाजूची पाने घेतली ते वहीत लिहून ठेवा. अहवाल येईपर्यंत नवतीवरच्या सिट्रस सायलाचे नियंत्रण चालू ठेवा, आणि त्या झाडाचे डोळे कोणालाही देऊ नका.