नावाचाच लोगो करा!

सुरतेतल्या लिंबायतमध्ये आपल्या खानदेशी मंडळींत चित्रकार आहेत, गायक आहेत, रांगोळी काढणारे आहेत. त्यांच्या लोगोसाठी वेगळं चित्र कशाला? नावाची अक्षरंच पुरेत. कमल शेडगे यांनी रेखाटलेली मराठी नाटकांची शीर्षकं जरूर बघा, नाटकाचा बाज अक्षरांतच उतरलेला दिसतो!

सुरतेत नाव दोन लिप्यांत लागतं. गुजरातीला शिरोरेषा नाही, म्हणून दोन्हींचा मेळ रेषेच्या जाडीतून आणि वळणांतून साधा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मोफत फॉन्ट, देवनागरीसाठी 'मुक्ता' आणि गुजरातीसाठी 'मुक्ता वाणी', सुरुवातीला उत्तम. मराठीतली शिरोरेषा मात्र सरसकट उडवू नका, 'घ'चा 'ध' वाचला जातो. आधी कागदावर बोरूने लिहून बघा. मग लोगो नखाएवढा करून तपासा; मोबाइलवर तो तेवढाच दिसणार आहे.